पडवीवरच्या सिस्टर

“हात कुठे धुऊ?”

माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात उभं राहून सिस्टरांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. फी किती, बॅच कधी, सर्टिफिकेट मिळतं का, असं विचारणारे पुष्कळ यायचे. हात धुवायची जागा विचारणारं कोणी आलं नव्हतं. मी मागच्या मोरीकडे बोट दाखवलं. त्यांनी पर्स खुर्चीला अडकवली, बांगड्या कोपराकडे सरकवल्या, साबण मागून घेतला आणि बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटांवरून असे सावकाश हात धुतले की क्लासमधली मुलं टायपिंग थांबवून बघत राहिली. टॉवेल त्यांनी नाकारला. हात वर धरून, कशालाही न शिवता, त्या ते वाळवत माझ्यासमोर येऊन बसल्या.

“हं,” म्हणाल्या, “कुठे आहे तुझा तो उंदीर?”

तुम्हीही अशा सिस्टर पाहिल्या असतील. आतल्या गावातल्या उपकेंद्रात सगळी नोकरी काढलेल्या, अंगावर पांढरी साडी नसली तरी नेसलेलीच वाटणाऱ्या, ज्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठेच उरलेलं नसतं. आमच्या सिस्टर संगमेश्वर तालुक्यातल्या अशाच एका गावातून रिटायर होऊन रत्नागिरीत आल्या होत्या आणि माझ्या क्लासच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहत होत्या. लग्न केलेलं नव्हतं. “वेळ कुठे होता गो,” म्हणायच्या, “दर वेळी दुसऱ्याचीच घाई असायची.”

“काय शिकायचंय?” मी विचारलं.

“ते, जिथे माणसं बोलतात.”

“चॅट?”

“काय असेल ते. पुतण्या म्हणाला, कॉम्प्युटरवर अनोळखी माणसं एकमेकांशी बोलतात म्हणून.” मग म्हणाल्या, “तिकडे गावात दार वाजायचं. जेवायला बसले की वाजायचं, अंघोळीला गेले की वाजायचं. तेव्हा वैताग यायचा. इथे आल्यापासून दार वाजतच नाही. दूधवालासुद्धा पिशवी कडीला अडकवून जातो.”

तेव्हा प्रत्येकाच्या हातात फोन यायचा होता. इंटरनेट हवं असलं की लोक आमच्यासारख्या क्लासमध्ये तासावर पैसे देऊन बसायचे. दुपारी दोन ते चार माझा क्लास रिकामा असायचा. ती वेळ सिस्टरांची ठरली.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना एका चॅट रूममध्ये नेलं. नाव काय घालू विचारलं तर म्हणाल्या, “सिस्टर. दुसरं मला तरी कुठे आठवतंय?” मी तेच घातलं. क्षणभरात पडद्यावर छोट्या छोट्या खिडक्या उघडायला लागल्या. प्रत्येकीत एकच शब्द. सिस्टरांनी चष्मा वर सरकवून तो वाचला.

“असल? काय असल?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी दोन बोटांनी उत्तर टाइप केलं होतं, असल तर असल. मी हसू आवरून सांगितलं की तो इंग्रजी शब्दांचा शॉर्टफॉर्म आहे. वय, बाई की पुरुष, राहणार कुठे.

“मग बरोबर आहे की. केसपेपरवर हेच विचारतात. पण नाव आधी विचारायला हवं.” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. उपकेंद्राच्या दारात आलेल्याला त्या म्हणायच्या, “आधी नाव सांग, मग दुखणं.” कळवळत आलेल्या माणसालासुद्धा नाव विचारलं की जरा धीर येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांनी प्रत्येक खिडकीत प्रामाणिकपणे लिहिलं, वय साठच्या पुढे, बाई, रत्नागिरी. खिडक्या एकेक करून बंद झाल्या.

“गेले सगळे?”

“गेले.”

“माझी ओपीडी इतक्या लवकर कधी रिकामी झाली नव्हती,” सिस्टर म्हणाल्या.

एकजण मात्र राहिला होता. त्याने काहीतरी घाणेरडं लिहिलं. मी खिडकी बंद करायला हात पुढे केला, तर सिस्टरांनी तो बाजूला सारला आणि सावकाश एकेक अक्षर शोधत लिहिलं, आई जवळ असली तर तिला वाचायला बोलाव. तोही गेला. सिस्टरांनी पर्स उचलली. “इथे सगळे रांगेत उभे आहेत,” म्हणाल्या, “पण दुखणं कुणालाच नीट सांगता येत नाही. दुसरं काही दाखव.”

म्हणून मग मी त्यांना ‘पडवी’ दाखवली.

मुंबई, पुणे आणि परदेशात पांगलेल्या कोकणी लोकांनी चालवलेली ती एक साइट होती. कोणी एखादा विषय काढायचा, बाकीच्यांनी खाली उत्तरं लिहायची. हापूसपासून शाळेतल्या छडीपर्यंत काहीही. तिचं नाव ऐकून सिस्टर म्हणाल्या, “पडवी? बरं आहे. म्हणजे आत घेत नाहीत, पण बसायला देतात.” मी हसले. तेव्हा मला तो नुसता विनोद वाटला.

पडवीवर प्रत्येकाने टोपणनाव घेतलेलं होतं. साइट चालवणारे डोंबिवलीचे एक बँक ऑफिसर होते, त्यांचं नाव तिरफळ. एक खेकडा होता, तो कुणालाही कुठूनही नांगी मारायचा. सिस्टरांना हे अजिबात पटलं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी लिहिलं: “नमस्कार. मी सिस्टर. आपण सगळे कोण? आधी नाव सांगावं, गाव सांगावं, मग बोलावं.”

खाली लगेच तिरफळांचं उत्तर आलं. “सिस्टर, पडवीवर स्वागत! इथे नाव-गाव कोणी विचारत नाही. पडवीवर आलेला प्रत्येकजण घरचाच.” त्याखाली आणखी दहाजणांनी हसरे चेहरे काढले होते.

सिस्टरांनी ते दोनदा वाचलं. “घरचाच,” म्हणाल्या. “शिकलेली माणसं आहेत.”

मराठी टायपिंग त्या महिन्याभरात शिकल्या. दोनच बोटांनी, पण चूक नाही. रोज दोन वाजता यायचं, हात धुवायचे, वाळवायचे आणि पडवी उघडायची. रत्नागिरीचा हापूस मोठा की देवगडचा, यावर तिथे एकदा असं भांडण पेटलं की दोघांनी साइट सोडायच्या धमक्या दिल्या. सिस्टरांनी लिहिलं, “दोन्ही मुलं गोरीगोमटी आहेत, दोघांचीही वजनं चांगली आहेत. उगाच ओरडून बाळंतिणीला त्रास देऊ नका.” भांडण तिथे थांबलं. कोणी वाक्यागणिक हसरे चेहरे काढले की त्या विचारायच्या, “इतकं काय हसू येतंय? जंत झालेत का?” लोक त्यांच्या अशा बोलण्याची वाट बघायला लागले. सिस्टर एक दिवस आल्या नाहीत की खाली चौकशी सुरू व्हायची. सिस्टर कुठे आहेत? सिस्टर बऱ्या आहेत ना?

“बघ,” मला दाखवून म्हणायच्या, “दार वाजतंय.”

त्यातली एक बकुळ. नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीला गेलेली, पहिलटकरीण, जवळ बाईमाणूस नाही. तिने एकदा पडवीवर भीत भीत लिहिलं होतं की रात्री झोप लागत नाही आणि इथली डॉक्टर नुसती आकडे सांगते. सिस्टरांनी तिला वेगळा निरोप पाठवला. तेव्हापासून रोज दुपारी, तिच्या सकाळी, दोघींचं बोलणं सुरू झालं. औषधाचं त्या काहीच सांगायच्या नाहीत. “ते तुझ्या डॉक्टरला विचार, तिने तुला तपासलंय,” एवढंच. पण बाकीचं पुष्कळ. आज काय जेवलीस, पाय सुजले का, खिडकीतून काय दिसतं, रडू येतं ते कशाने. बकुळ त्यांना मावशी म्हणायला लागली. कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात जाताना तिने निरोप टाकला होता, “मावशी, निघाले.” सिस्टर त्या दिवशी माझ्या क्लासमधून हलल्या नाहीत. संध्याकाळची बॅच सुटता सुटता नवऱ्याने नव्हे, तर बकुळच्या पडवीवरच्या एका मैत्रिणीने कळवलं की मुलगी झाली, दोघी सुखरूप. सिस्टरांनी खुर्चीतच मान मागे टाकली. “एवढ्या बायका सोडवल्या,” म्हणाल्या, “पण हात खिशात ठेवून हे पहिलंच बाळंतपण.” त्यांनी समोरच्या दुकानातून पेढे आणले. माझ्या टॅली शिकणाऱ्या पोरांनी जर्मनीत झालेल्या मुलीचे पेढे खाल्ले.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात पडवीकरांनी कोकणात भेटायचं ठरवलं. सकाळी गणपतीपुळे, दुपारी रत्नागिरी, संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गप्पा. दुपारचं जेवण कुठल्या हॉटेलात करावं यावर चर्चा चालली होती. सिस्टरांनी ती तोडून लिहिलं, “हॉटेल कसलं? मी इथे आहे ना. दुपारचं जेवण माझ्याकडे. कोण काय खातं ते आधी सांगा.”

उत्तरांचा पाऊस पडला. “सिस्टर, तुमच्या हातचं काहीही चालेल.” हे तिरफळांचं. खेकड्याने लिहिलं, “तुमच्या हातचं औषधसुद्धा गोड लागेल.” बकुळही सुट्टीवर आलेली होती, ती नवऱ्याला आणि लेकीला घेऊन येणार होती. तिने लिहिलं, “मावशी, बाळाला आधी तुमच्या मांडीवर ठेवणार, मग माझं जेवण.”

आठवडाभर सिस्टरांच्या पायाला भिंगरी होती. शेजारच्या घरातून सतरंज्या, माझ्याकडून ताटं. वड्यांचं पीठ त्यांनी स्वतः दळून आणलं. कोंबडी, वडे, न खाणाऱ्यांसाठी फणसाची भाजी आणि वालाचं बिरडं, सोलकढी, मोदक. मी पहाटेपासून मदतीला होते. नारळ खोवता खोवता त्या मला सारखं विचारत होत्या, “तिरफळ कसा दिसत असेल गो? मला वाटतं बुटका असणार. एवढं लांब लिहिणारी माणसं बुटकी असतात.”

गाडी बाराच्या सुमारास आली. तिरफळ खरंच बुटके होते. सिस्टर इतक्या हसल्या की आपण का हसतोय ते त्यांना सांगता येईना. सगळे आत आले. एकमेकांना टोपणनावांनी हाका मारत, “हे तुम्ही होय!” करत सतरंजीवर बसले. बकुळ पाया पडली आणि बोलल्याप्रमाणे तिने बाळ सिस्टरांच्या मांडीवर ठेवलं. सिस्टरांनी त्या मुलीचं डोकं एका तळव्यात घेतलं. दोन वर्षं मी त्यांना ओळखत होते, पण तो हात कामावर असलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिरफळांची नजर खोलीभर फिरून समोरच्या भिंतीवर थांबली. तिथे बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची, दोन्हींना सकाळीच मोगऱ्याचे हार घातलेले. त्याखाली सिस्टरांच्या आईवडिलांचा फोटो.

“सिस्टर,” तिरफळ म्हणाले, “तुमचं आडनाव काय हो? विचारायचं राहूनच गेलं.”

“विचारलंत एकदाचं!” सिस्टर खूश झाल्या. “मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, आधी नाव सांगावं म्हणून.” आणि त्यांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, गावातली वाडीही सांगितली.

खोलीत काही झालं नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही काही झालं असं वाटलं नसतं. कोणी उठलं नाही. कोणी तोंड वाकडं केलं नाही. “अच्छा, अच्छा,” तिरफळ म्हणाले. कोणीतरी उकाड्याबद्दल बोललं.

मग मी सोलकढीचे पेले घेऊन बाहेर आले. खेकडा म्हणाला, “नको, नको, मला आंबट चालत नाही.” त्याने पडवीवर सोलकढीवर निबंध लिहिला होता. शेजारची बाई म्हणाली की पुळ्याला उशिरा नाश्ता झाला, पोट अगदी भरलंय. कोणाला प्रवासात जेवलं की मळमळतं. कोणाची चतुर्थी निघाली. मी दिनदर्शिका पाहिली नाही, पण सिस्टरांच्या भिंतीवर ती होती आणि सिस्टर तिच्याकडे बघत होत्या.

“पाणी तरी घ्या,” मी म्हटलं.

“गाडीत बाटल्या आहेत,” तिरफळ म्हणाले. “खरं म्हणजे ड्रायव्हरची फार घाई आहे. त्याला परत चिपळूणला दुसरी ट्रिप आहे. आम्ही नुसतं तुम्हाला भेटायला म्हणून थांबलो.”

बकुळने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पुढे वाकला आणि सिस्टरांच्या मांडीवरून त्याने मुलीला उचललं. “हिची झोपायची वेळ झाली,” म्हणाला. मुलगी टक्क जागी होती. बकुळ उठली, बसली, पुन्हा उठली. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी अजूनही कधी कधी विचार करते, ती काय बोलणार होती. ती बोलली नाही.

“अहो, पण मामांचं जेवण व्हायचंय,” सिस्टर म्हणाल्या.

“कोण मामा?”

मी बाजूला झाले. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर ड्रायव्हर ताट घेऊन बसला होता. गाडी लावून तो मागच्या दाराने पाणी मागायला आला होता आणि मी त्याला वाढलं होतं. तो तिसरा वडा मोडत होता. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून तो संकोचला. “काय घाई नाय साहेब,” तो म्हणाला. “बसा तुम्ही आरामात. कोंबडी काय झालीय!”

त्यावर कोणी हसलं असतं, तर मला वाटतं, अजूनही काही निभावलं असतं. कोणी हसलं नाही. ते चपला घालत होते.

गाडी वळून गेली. सिस्टर दारातून आत आल्या. रचून ठेवलेली ताटं, झाकलेली पातेली, परातीतले मोदक. मला वाटलं, आता त्या रडतील, किंवा मी तरी. त्या म्हणाल्या, “बस. तुला भूक लागली असेल.” आम्ही दोघी समोरासमोर बसलो. त्या शांतपणे, पोटभर जेवल्या. मध्येच त्यांनी विचारलं, “मीठ बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे, सिस्टर.”

“नाही, म्हटलं, कधी कधी हातून चुकतं.”

उरलेलं सगळं आम्ही रिक्षात घालून सिव्हिल हॉस्पिटलला नेलं. पेशंटसोबत आलेले नातेवाईक आवारात बसलेले असतात. तिथल्या एका ओळखीच्या नर्सला सिस्टरांनी बोलावलं आणि दोघींनी वाढलं. अर्ध्या तासात पातेली रिकामी झाली.

चार दिवसांनी पडवीवर भेटीची हकीकत आली. तिरफळांनीच लिहिली होती, नेहमीप्रमाणे लांबलचक. पुळ्याचं दर्शन, समुद्र, वाटेतली करवंदं, भाट्यावर गायलेली गाणी. मध्ये एक ओळ होती: “वाटेत सिस्टरांच्या घरी धावती भेट दिली, वेळेअभावी थांबता आलं नाही.” खाली सगळ्यांनी हसरे चेहरे काढले होते.

सिस्टर त्या दिवशी नेहमीच्या वेळी आल्या होत्या. मोरीवर गेल्या, हात धुतले, वाळवले. मग दोन बोटांनी लिहायला लागल्या. मी मागे उभी राहून वाचत होते.

“वडे चांगले झाले होते. कोणी विचारलं नाही म्हणून सांगते. ड्रायव्हरला घाई नव्हती, हे आपण सर्वांनी ऐकलं. मग काय झालं? मी नाव सांगितलं आहे. आता तुम्ही दुखणं सांगा.”

एवढंच. त्यांनी ते पाठवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. बराच वेळ खाली काही आलं नाही. मग त्यांनी लिहिलेलं पडद्यावरून नाहीसं झालं आणि त्या जागी तिरफळांची सूचना आली: “पडवीवर जातीपातीचे विषय चालणार नाहीत. नियम सर्वांना सारखे आहेत. कृपया वातावरण गढूळ करू नये.”

सिस्टरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

“मी कुठे जात लिहिली होती?” त्या म्हणाल्या. “शब्दसुद्धा नव्हता. त्यांनी वाचली.”

मला इतका राग आला होता की मी माझ्या क्लासच्या नावाने पडवीवर काहीतरी जळजळीत लिहायला बसले. सिस्टरांनी माझा हात धरला. “थांब. मला आधी एक सांगू दे,” म्हणाल्या. आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

गावात रुजू झाल्या तेव्हा त्या विशीतल्या होत्या. पहिलं बाळंतपण अडलेलं होतं. त्यांनी बाई सोडवली, मूल रडवलं, दोघांना पुसून स्वच्छ केलं. घरच्यांनी चहा दिला. कप वळचणीला वेगळा ठेवलेला होता, कान तुटलेला. त्या तो प्यायल्या. दुसऱ्या घरी तसाच कप, तिसऱ्या घरी तसाच. चौथ्या घरी त्यांनी तो कप हातात घेतला आणि अंगणातल्या चिऱ्यावर आपटला. म्हणाल्या, “तुमच्यातला द्या, नाहीतर चहा नको. बाळाची नाळ मी कापलीय, ती पण वेगळी ठेवणार का?” घरात आरडाओरडा झाला. महिनाभर गावाने बोलावलं नाही. मग एका बाईच्या कळा थांबेनात आणि दार वाजलं. “त्यानंतर त्या गावात मला कधी वेगळा कप नाही आला. सगळ्यांच्या मनातनं गेलं असं मी म्हणत नाही. पण कप गेला.”

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “तिथे मला फोडायला कप होता. इथे काय फोडू? काहीच दिलेलं नाही यांनी हातात.”

बकुळचा निरोप त्यानंतर दोन दिवसांनी आला. तो मी वाचला, कारण सिस्टरांनी मला चष्मा काढून दिला आणि म्हणाल्या, “तूच वाच.” तिने लिहिलं होतं: “मावशी, मला खूप वाईट वाटलं. मी असलं काही मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण सासरच्यांना कळलं असतं तर घरात फार तमाशा झाला असता. तुम्ही आधी सांगायला हवं होतं.”

मी वाचायची थांबले. बाहेर रस्त्यावर कोणीतरी भंगार, भंगार ओरडत गेला.

“आधी,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशी मी काय विचारलं होतं त्यांना?”

“नाव-गाव.”

“आणि ते काय म्हणाले?”

ते उत्तर त्यांना पाठ होतं.

मी म्हटलं, हिला उत्तर देऊ नका. तिला तिच्या घरात बसू दे. पण सिस्टरांनी चष्मा परत घेतला आणि लिहिलं, “बाळाची लस चुकवू नकोस. ताप आला तर घाबरू नकोस, दोन दिवसांत उतरतो.” खाली त्यांनी पहिल्यांदाच मावशी न लिहिता स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. त्याला उत्तर आलं नाही.

पडवीवर त्या परत गेल्या नाहीत. त्यांना कोणी काढून टाकलं नव्हतं. त्यांचं नाव सभासदांत तसंच होतं. सिस्टर कुठे आहेत, बऱ्या आहेत ना, असं मात्र या वेळी कोणी विचारलं नाही. हे मला ठाऊक आहे, कारण त्यांच्यासाठी मी रोज बघत होते.

माझ्याकडे त्या येत राहिल्या. दोन वाजता येऊन पंख्याखाली बसायच्या, पेपर वाचायच्या, पोरांना पाठ सरळ ठेवून बसायला सांगायच्या. कॉम्प्युटरला हात लावला नाही. पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले, पुतण्याने त्यांनाही एक दिला. त्यांच्या वाडीतल्या मुलांनी ग्रुप काढला होता, नर्सांचा एक ग्रुप होता. मी म्हटलं, “तुमच्या माणसांचा तरी घ्या.” त्या म्हणाल्या, “नको गो. मला टोचून झालंय एकदा.” फोन त्यांनी फक्त बोलायला वापरला, तोही आला तरच.

गेल्या पावसाळ्यात त्यांना पुतण्याने उपचारासाठी मुंबईला नेलं. जाताना गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवून त्यांनी मला हाक मारली, “ए बाय, तुझ्या पोरांना डोळे तपासून घ्यायला सांग, सगळी नाकाला स्क्रीन लावून बसतात.” तेवढंच बोलणं झालं. त्या तिकडेच गेल्या. अंत्यविधीही तिकडेच झाला. मागच्या दोन खोल्यांत आता इंजिनिअरिंगची मुलं भाड्याने राहतात.

पडवी केव्हाच बंद पडली आहे. ती सगळी माणसं आता फोनवरच्या ग्रुपमध्ये आहेत, नाव तेच. त्या जेवणाच्या वेळी ठरवाठरवीसाठी घेतलेला तिरफळांचा नंबर माझ्याकडे होता. कळवावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी कळवलं, सिस्टर गेल्या.

लगेच उत्तर आलं. “अरेरे! फार वाईट झालं. आमच्या कुटुंबातल्याच होत्या. एखादा फोटो पाठवा, ग्रुपवर श्रद्धांजली टाकतो.”

माझ्याकडे सिस्टरांचा एकही फोटो नव्हता. तसं मी कळवलं आणि त्यांचं पूर्ण नाव लिहून पाठवलं, गावासकट, वाडीसकट.

दुसऱ्या दिवशी तिरफळांनी मला ग्रुपवर टाकलेली श्रद्धांजली पाठवली. वर लिहिलं होतं, “पडवीच्या लाडक्या सिस्टर यांना भावपूर्ण आदरांजली.” त्याखाली नव्वदभर लोकांनी जोडलेले हात, पांढरी फुलं आणि पणत्या. नाव कुठेही नव्हतं. फोटो मात्र होता. कुठूनतरी शोधून घातलेला, प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर असतो तो. पांढऱ्या टोपीतली गोरीपान नर्स, ओठांवर बोट ठेवलेली.